ऑक्टोबरमध्ये जर्मनी, मेमध्ये जर्मन : पैसे कुठून आणायचे?

मे महिन्याच्या मध्यावर मला दर वर्षी एकाच धर्तीचे फोन येऊ लागतात. "मॅडम, मुलीची शेवटची सेमिस्टर परवा संपली. ऑक्टोबरमध्ये जर्मनीला एमएससाठी जायचंय. मधल्या चार महिन्यांत जर्मन करून घेऊ म्हणतो. त्याला काही स्कॉलरशिप मिळते का हो?"

मिळते. पण तिच्या अर्जाची तारीख गेल्या डिसेंबरमध्येच उलटून गेलेली असते. फोनवर हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण विचारणारे आई-बाबा हिशेबी आणि जागरूक असतात. चुकलेला असतो तो फक्त महिना. म्हणून यंदा हे सगळं सवडीने लिहून काढते आहे. ज्यांची मुलं आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांनी हे जपून ठेवावं.

पैशांआधी तासिकांचा हिशेब करू, कारण खर्च त्यावर ठरतो. युरोपीय चौकटीत भाषेच्या सहा पायऱ्या आहेत : ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ग्योटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन, ४५ मिनिटांची एक तासिका धरून अंदाज देतं. ए१ला ८० ते २०० तासिका. ए२पर्यंत एकूण २०० ते ३५०, बी१पर्यंत ३५० ते ६५०, बी२पर्यंत ६०० ते ८०० आणि सी१पर्यंत ८०० ते १०००. आता उन्हाळा मोजा. २० मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आठवडे भरतात एकोणीस. त्यातले व्हिसा, कागदपत्रं, बँक, गावाकडच्या भेटीगाठी आणि आजारपण वजा केले, तर शिकायचे बारा उरतात. आठवड्याला २० ते २५ तासिकांचा इंटेन्सिव्ह वर्ग धरला तरी हाती २४० ते ३०० तासिका लागतात. म्हणजे शून्यापासून सुरुवात करणारी मुलगी मनापासून शिकली तर ए२ पक्की होते. क्वचित एखादी बी१च्या उंबरठ्यावर पोचते. त्याच चार महिन्यांत बी२ करून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे भरू नका.

दोन वर्षांपूर्वी असं पॅकेज घेतलेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. 'ए१ ते बी२, सहा महिने', सगळी फी आगाऊ. तिसऱ्या महिन्यात तिला कळलं की पुस्तकं पुढे सरकतात, पण तोंडातून वाक्य निघत नाही. फी परत मिळाली नाही. तिच्या वडिलांनी त्यासाठी मुदत ठेव मोडली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते : एका वेळी एकाच लेव्हलची फी भरा आणि पावतीवर तासिकांची संख्या लिहून घ्या.

वर्गांची तुलनाही तासिकेच्या दराने करा. समजा, एक क्लास ए१साठी २४,००० रुपये घेतो आणि १६० तासिका देतो. दुसरा १५,००० घेतो, पण तासिका ७०च. पहिल्याचा दर १५० रुपये, दुसऱ्याचा २१४. स्वस्त वाटलेला दुसरा वर्ग प्रत्यक्षात महाग आहे, शिवाय ७० तासिकांत ए१ पुरी होतच नाही. हा साधा भागाकार केल्याशिवाय कुठेही नाव घालू नका.

कोणती पायरी कुठे चढायची

या लेखात मला ठासून सांगायची गोष्ट एकच आहे. पहिल्या पायऱ्या रुपयांत चढा. युरो खर्च करायचे असतील, मग ते स्वतःचे असोत की शिष्यवृत्तीचे, तर ते वरच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवा. ए१ची क्रियापदं आणि डेर-डी-डासची लिंगं पुण्यात जितकी शिकता येतात, तितकीच फ्रायबुर्गमध्ये येतात. फरक बी१नंतर पडतो. दुकानदार, घरमालक, ट्राममधली म्हातारी, सगळे तुमचे शिक्षक व्हायला लागतात ते तुम्हाला त्यांचं निम्मं तरी कळायला लागल्यावर.

एक युरो म्हणजे शंभर रुपये धरून हा फरक बघा. जर्मनीत भाषा शिकायला तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं, तर भाषावर्गाचा वेगळा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची फी ७५ युरो, आणि वर्ग आठवड्याला किमान १८ तासिकांचा हवा. पदवीच्या विद्यार्थ्याला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, दरमहा ९९२ युरो दाखवावे लागतात, वर्षाचे ११,९०४. सप्टेंबर २०२४पासून हा आकडा लागू आहे. नुसत्या भाषावर्गासाठी जाणाऱ्याला मात्र दरमहा १,०९१ दाखवावे लागतात. म्हणजे चार महिने तिथे राहून शून्यापासून जर्मन शिकायची, तर राहण्या-खाण्याचेच ४,३६४ युरो, आपले सव्वाचार लाखांहून अधिक. वर्गाची फी आणि विमानाचं तिकीट त्यात नाही. या पैशांत इथे ए१ ते बी२ करून, परीक्षा देऊन, वर बरीच शिल्लक राहते.

नव्वद दिवसांच्या आतल्या उन्हाळी वर्गाला शेंगेन व्हिसा चालतो. त्याची फी जून २०२४पासून ९० युरो आहे. इथे एक खड्डा आहे. शेंगेन व्हिसावर गेलेल्याला तिथल्या तिथे विद्यार्थी व्हिसा करून घेता येत नाही. भारतात परत येऊन अर्ज करावा लागतो. जुलै-ऑगस्टचा वर्ग करून तिथूनच ऑक्टोबरच्या सत्राला बसू, असा बेत अनेकजण आखतात आणि दुसऱ्या तिकिटाचा खर्च अंगावर घेतात. विद्यापीठाने 'आधी भाषा पूर्ण करा, मग प्रवेश' असं सशर्त प्रवेशपत्र दिलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पूर्वतयारीच्या भाषावर्गासह शिक्षणाचाच व्हिसा मागता येतो. त्या पत्रातला भाषेचा उल्लेख म्हणूनच नीट वाचा. त्या एका ओळीवर एक व्हिसा फी आणि एक विमानप्रवास वाचतो.

डाड : तीन दारं, तीन वेगळ्या वेळा

जर्मन शिष्यवृत्ती म्हटली की पहिलं नाव डाडचं, म्हणजे १९२५ साली स्थापन झालेल्या जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेचं. भारतातलं त्यांचं प्रादेशिक कार्यालय नवी दिल्लीत आहे. भाषेसाठी त्यांच्याकडे पैसा आहे, पण तो तीन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेला आहे, आणि बहुतेकांना त्यातला एकच माहीत असतो.

माहीत असतो तो उन्हाळी विद्यापीठ वर्गाचा. जर्मन विद्यापीठांत उन्हाळ्यात भरणाऱ्या, निदान १८ दिवसांच्या भाषावर्गासाठी हे साहाय्य मिळतं. एक ठोक रक्कम, प्रवासभत्ता आणि विमा असं त्याचं स्वरूप असतं. अर्ज १ डिसेंबरपर्यंत, वर्ग पुढच्या उन्हाळ्यात. ही मदत पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे, निदान दोन वर्षांचं शिक्षण झालेलं असावं लागतं आणि थोडीफार जर्मन आधीच यावी लागते. शून्यावर असलेल्याला इथे जागा नाही. मग हिशेब असा बसतो : शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये अर्ज करायचा, तर त्याआधीच्या उन्हाळ्यातच पुण्यात, मुंबईत किंवा नागपुरात ए१-ए२ सुरू व्हायला हवी. पहिला उन्हाळा स्वतःच्या खर्चाने इथे, दुसरा डाडच्या खर्चाने तिथे. माझ्या पाहण्यात हा मार्ग धरलेली मुलं सर्वांत कमी खर्चात सर्वांत पुढे गेली आहेत.

दुसरा कप्पा मोठा आहे आणि त्याच्याकडे लक्षच जात नाही. डाडच्या मास्टर्स शिष्यवृत्तीतच भाषेची सोय असते. निवड झाली की अभ्यासक्रमाच्या आधी दोन, चार किंवा सहा महिन्यांचा जर्मन वर्ग डाड स्वतःच्या खर्चाने जर्मनीत करून देऊ शकतं. ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होणार असेल, तर दोन महिन्यांचा वर्ग ऑगस्टपासून, चार महिन्यांचा जूनपासून. म्हणजे ज्या उन्हाळ्यासाठी आई-बाबा मे महिन्यात पैसे शोधत असतात, तोच उन्हाळा इथे शिष्यवृत्तीच्या पोटात असतो. पदवीधरांसाठी मासिक रक्कम ९९२ युरो ठरली आहे. निवडीचं पत्र हातात पडल्यानंतर केलेल्या ऑनलाइन वर्गाचा आणि टेस्टडाफ या जर्मन भाषेच्या परीक्षेच्या फीचाही काही भार डाड उचलतं. इथे 'पत्रानंतर' हा शब्द महत्त्वाचा. पत्राच्या आठ दिवस आधी भरलेली फी कुणी परत देत नाही. निवड होण्याची आशा असेल, तर मोठी फी भरायची घाई करू नका.

या अर्जाची तयारी प्रवेशाच्या साधारण वर्षभर आधी लागते. शेवटची पदवी मिळून सहा वर्षांहून जास्त काळ लोटलेला नसावा, आणि जर्मनीत पंधरा महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेलं नसावं, हे नेहमीचे निकष.

तिसरा कप्पा नोकरी केलेल्यांसाठी. विकासाशी निगडित विषयांच्या काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांना डाड 'एपॉस' या नावाखाली शिष्यवृत्ती देतं. निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि भाषावर्ग त्या शिष्यवृत्तीचाच भाग असतो. नगररचना, जलव्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य अशा क्षेत्रांत काम करणारी आपल्याकडची कितीतरी मुलं यात बसतील. त्यांना या योजनेचं नावही ठाऊक नसतं, याची मला खंत आहे.

सरकारी योजना आणि मुंबईचे ट्रस्ट

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जातींसह आणखी काही वंचित घटकांसाठी. दोन्ही मोलाच्या आहेत. पण त्या पदवीच्या शिक्षणासाठी आहेत, त्यांतून आधीच्या भाषावर्गाचा खर्च निघेल असं गृहीत धरू नका. या योजनांतून जाणाऱ्या मुलांना जर्मनची फी घरूनच उभी करावी लागते आणि त्यांच्याच घरी ती सर्वांत जड जाते. त्यांच्यासाठी पुढे लिहिलेला छोट्या निधीचा मार्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मुंबईत १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन यांची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती आहे. हे पैसेही मास्टर्ससाठीच. पण त्यांचा उपयोग आडवळणाने होतो : मोठा खर्च बिनव्याजी रकमेने निघाला की घरचे चाळीस-पन्नास हजार भाषेसाठी मोकळे होतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जात भाषावर्ग बसवायचा असेल, तर तो विद्यापीठाच्या प्रवेशपत्रात किंवा खर्चपत्रकात लिहिलेला हवा. नुसती क्लासची पावती नेऊन बँकेत काम होत नाही.

इथे काय स्वस्त, काय फुकट

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकत आली आहेत. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिन्याला आहे. कॉलेज सांभाळून वर्षभर सर्टिफिकेट कोर्स करायची तयारी असेल, तर विद्यापीठीय वर्गांइतकं किफायतशीर दुसरं काही नाही. पुण्यातलं बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन महाग पडतं, पण तासिका पुऱ्या होतात आणि शिक्षक पारखलेले असतात. ज्याला सलग उन्हाळाच हवा आहे, त्याने तिथल्या इंटेन्सिव्ह वर्गाकडे वेळीच बघावं.

फुकट गोष्टींना कमी लेखू नका. डॉइचे वेलेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ-अभ्यासक्रम ए१ ते बी१ पूर्ण मोफत आहे. जर्मन फोल्क्सहोखशूलेंचं भाषापोर्टलही मोफत, आणि ते बी२पर्यंत जातं. मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्ग सुरू होण्याआधी पंधरा दिवस निकोस बघायला लावते. त्यातल्या काहींची ए१ इतकी पक्की होते की चाचणी देऊन ते थेट ए२ला बसतात. एका लेव्हलची पूर्ण फी वाचते.

परीक्षांवर मात्र विनाकारण पैसा जातो. विद्यापीठ शेवटची लेव्हल विचारतं, मधल्या पायऱ्यांची प्रमाणपत्रं नाही. बी२ मागितली असेल, तर ए१, ए२, बी१च्या तीन परीक्षांच्या फीने तुमच्या अर्जात काहीच भर पडत नाही. दुसरं असं, की ग्योटेच्या बी१ आणि बी२ परीक्षा चार तुकड्यांत देता येतात : वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. लेखनात अडखळलात तर फक्त लेखनाची फी भरून पुन्हा बसा, अख्खी परीक्षा नको.

आणि जर्मन माध्यमातूनच मास्टर्स करायचं असेल, तर विद्यापीठं साधारणपणे डीएसएच या विद्यापीठीय भाषापरीक्षेची दुसरी श्रेणी (डीएसएच-२) किंवा टेस्टडाफमध्ये चारही भागांत चौथी श्रेणी मागतात. ती सी१च्या आसपासची तयारी आहे, वरच्या हिशेबाने ८०० तासिकांच्या पुढची. ती एका उन्हाळ्यात होत नाही. त्यासाठी बारावीनंतरच सुरुवात हवी.

इंग्रजी माध्यमात जाणाऱ्यांचे पालक विचारतात, मग जर्मनवर खर्च करायचाच कशाला? त्यांच्यासाठी हा एक आकडा. परदेशी विद्यार्थ्याला जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२५मध्ये किमान वेतन ताशी १२.८२ युरो होतं, २०२६पासून १३.९० झालं आहे. भाषा नसलेल्याला गोदामातली रात्रपाळी मिळते. बी१ असलेला दुकानात, ग्रंथालयात, कार्यालयात बसतो, आणि इंटर्नशिपच्या मुलाखतीला त्याला बोलावणं येतं. बी१ला इथे जे पैसे लागतात, ते तिथल्या काही आठवड्यांच्या कामात फिटतात.

एकूण अंदाजपत्रक करताना भाषेच्या शेजारी उभे असलेले बाकीचे खर्चही त्याच कागदावर मांडा, नाहीतर भाषेचे पैसे तेच खाऊन टाकतात. एपीएसची, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांची, पडताळणी नोव्हेंबर २०२२पासून भारतीयांना सक्तीची आहे, तिचे १८,००० रुपये. युनी-असिस्ट या विद्यापीठांच्या अर्ज-केंद्रामार्फत अर्ज केला तर पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकी ३०. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला बहुतेक ४,००० किंवा ६,०००. आठ ठिकाणी अर्ज करण्याऐवजी नीट निवडलेल्या चार ठिकाणी केले, तरी वाचलेल्या पैशांत इथली बरीच पुस्तकं आणि परीक्षेचा एखादा तुकडा निघतो.

छोटा निधी, एका पानाचा अर्ज

आता ज्यांचा डिसेंबर हुकला आहे आणि हातात फक्त हा उन्हाळा आहे, त्यांच्यासाठी.

मोठ्या संस्था भाषावर्गाला पैसे देत नाहीत, कारण ती रक्कम त्यांच्यासाठी फार लहान आहे. गावातल्या आणि शहरातल्या छोट्या संस्थांकडे तुम्ही मास्टर्ससाठी मदत मागता, तेव्हा त्यांना ती रक्कम फार मोठी वाटते. मग त्या पाच हजार रुपये, शाल आणि नारळ देऊन सत्कार करतात. पण कुणी त्यांच्यासमोर नेमका पंचवीस-तीस हजारांचा खर्च ठेवला, तर तो त्यांच्या आवाक्यातला असतो. ज्ञातिसंस्थांचे शिक्षण निधी, कॉलेजची माजी विद्यार्थी संघटना, रोटरी आणि लायन्सचे स्थानिक क्लब, आई किंवा वडील ज्या पतसंस्थेचे सभासद आहेत ती पतसंस्था, वडिलांच्या कारखान्यातला कामगार कल्याण निधी, गावच्या देवस्थानचा ट्रस्ट. यांतल्या दोन-तीन ठिकाणी मिळून एक लेव्हल निघते. माझ्या एका विद्यार्थ्याची ए२ त्याच्या आजोबांच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांनी भरली. रक्कम अठरा हजार होती आणि चार दिवसांत जमली, कारण त्याने 'जर्मनीला जायला मदत करा' असं न लिहिता 'ए२च्या वर्गाची फी हवी आहे' असं लिहिलं होतं.

अर्ज एकाच पानाचा करा. वरती विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं असल्यास त्याची तारीख. खाली कोणत्या वर्गाची कोणती लेव्हल, किती तासिका, किती फी, घरून किती भरणार आणि संस्थेकडून किती हवेत. रक्कम आपल्या खात्यात न मागता थेट क्लासच्या नावाने धनादेश मागा, विश्वास वाढतो. सोबत आधीच्या लेव्हलचा निकाल जोडा. नसेल तर निकोसचे किती धडे झाले ते लिहा. शून्यावरून मागणाऱ्यापेक्षा थोडं चालून आलेल्याला लोक लवकर हात देतात. आणि वर्ग संपला की निकालाची प्रत घेऊन त्या संस्थेत स्वतः जा. पुढच्या मेमध्ये तिथे दुसरं कुणीतरी अर्ज घेऊन जाणार आहे.